तंबू जरा मोठाच होता

आई, तुझा तंबू गच्चीवर वाळत घातलाय आणि मी खाली स्वयंपाकघरात बसून तुला हे लिहितेय. बसून म्हणजे काय, मघापासून कितीदा उठले. गॅसवर काही नसताना गॅस बंद आहे ना ते पाहून आले, मग उगाच जिन्यापर्यंत जाऊन परत फिरले. वर बाबा आहेत. तंबूशेजारी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसलेत, कबुतरांनी घाण करू नये म्हणून. मला त्यांना एक गोष्ट सांगायची आहे आणि ती काही केल्या सांगवत नाही, म्हणून तुला सांगते. तू जाऊन पंचवीस वर्षं होऊन गेली, तेव्हा तू काही कुणाकडे बोलणार नाहीस.

दिवाळीचा फराळ संपत आला होता तेव्हा हे सुरू झालं. बाबा आता चकलीसुद्धा चहात बुडवून खातात. तशी ती बुडवता बुडवता म्हणाले, "ते तुमचं तळं अजून भरतं का गं?" मी म्हटलं, "भरतं की. होळीपर्यंत पाणी असतं." "मग मला ने एकदा." मला वाटलं म्हातारपणी हवापालट हवी असेल. म्हणून मी फोनवर त्यांना ते धरणाकाठचे रंगीत तंबू दाखवले. आत गादी, बाहेर शेकोटी, सकाळी पोहे. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "असलं नको. तिच्या तंबूत."

आई, मला राग आला. ऐंशी ओलांडलेल्या माणसाचा राग येऊ नये, पण आला. इतकी वर्षं कुठे होता हा माणूस? दर वर्षी दिवाळी झाली की तू ओट्यापाशी उभी राहून, मागे न वळता विचारायचीस, "येताय का?" आणि बाबा पेपराच्या आडून म्हणायचे, "तुम्ही जा." झालं. एवढंच. मग शनिवारी पहाटे तू आणि मी घोटीची एसटी धरायचो, तिथून पुढे मिळेल त्या जीपने पायथ्याचं गाव, आणि मग डोक्यावर-खांद्यावर सामान घेऊन वरच्या पठारापर्यंत चढण. बाबा पोस्टात होते, तिथले लोक त्यांना चिडवायचे, बायको डोंगरात जाते आणि तुम्ही घरी खिचडी लावता. बाबा हसायचे. मला ते हसणं आवडायचं नाही. तेव्हापासून ते तळं मी मनात तुझ्या आणि माझ्या नावावर करून टाकलं होतं, आणि आता त्यात तिसऱ्याचं नाव लावायचं माझ्या जिवावर आलं.

तंबू तू शिवलास तेव्हा मी चौथीत होते. ओझरच्या कारखान्यात तू दिवसभर विमानांवर घालायची कापडी आवरणं शिवायचीस आणि संध्याकाळी कारखान्याच्या बसमधून उतरून पुन्हा घरच्या मशिनवर बसायचीस. रविवार कारंजाच्या बाजारातून आणलेल्या त्या जाड कापडात सुया मोडायच्या. तू चिडायची नाहीस, फक्त मोडकी सुई काडेपेटीत टाकून नवी लावायचीस. आणि एक रविवार मला अजून जशाच्या तसा दिसतो. बाबा जेवून हॉलमध्ये चटईवर झोपलेत, नेहमीसारखे उताणे, सरळ, हात पोटावर. तू टेप घेऊन त्यांच्या डोक्याशी बसली आहेस. टेपचं टोक उशीपाशी दाबून मला खूण करतेस, आणि मी दुसरं टोक धरून त्यांच्या टाचांपर्यंत जाते. मला हसू फुटतंय. तू ओठांवर बोट ठेवतेस. बाबांना नवा लेंगा होणार, असं मला वाटलं. लेंग्यासाठी कुणी डोक्यापासून माप घेत नाही हे चौथीतल्या मुलीला कुठे कळतं! पुढे कितीतरी दिवस मी त्या लेंग्याची वाट पाहिली. तो काही झाला नाही, आणि मी विसरून गेले.

तंबू मात्र झाला आणि तो भलताच मोठा झाला. आपण दोघी बुटक्या. मी तर दहावीपर्यंत तुझ्या खांद्याला लागत होते. पायाशी इतकी जागा उरायची की भांडी, पाण्याची कळशी, लाकडं, सगळं तिकडे ढकललं तरी रिकामंच वाटायचं. बाजूलाही तसंच. रात्री वारा त्या रिकाम्या बाजूने आत घुसायचा आणि मी तुला चिकटायचे. आणि ते ओझं चढणीवर वाहायचं कुणी? अर्धं मी. एकदा वैतागून म्हटलं, "आई, याचा एक पट्टा कापून टाकू ना. हलका होईल." तू चुलीत कांदे भाजत होतीस. अख्खे कांदे निखाऱ्यात ढकलून वरून राख ओढायची तुझी पद्धत. तू हातातली काडी खाली ठेवलीस आणि इतक्या जोरात म्हणालीस की मी दचकले. "कात्री लावायची नाही त्याला. समजलं?" तू कधी आवाज चढवायची नाहीस. म्हणून मला ते लागलं. थोड्या वेळाने सोललेला कांदा माझ्या भाकरीवर ठेवत हळू म्हणालीस, "असू दे गं. सामानाला जागा लागते." मी फुगून बसले होते, पण कांदा खाल्ला.

घरी तू कामापुरतं बोलायचीस. तळ्यावरही फार बोलायची नाहीस, पण तिथलं तुझं गप्प बसणं निराळं होतं. चपला काढून, साडी खोचून पाण्याच्या कडेकडेने चालत सुटायचीस. मागच्या खेपेला पाणी कुठवर होतं, आता कुठे आलं, ते बघत. त्या तळ्याची कड कधी दोनदा एका जागी सापडलीच नाही. आणि निघताना तुझा तो नियम: चुलीचे दगड जिथून आणले तिथे परत, राख करवंदीच्या मुळाशी, खुंट्यांची भोकं मातीने बुजवून वरून पाय फिरवायचा. "आपण इथे आलोच नव्हतो असं दिसलं पाहिजे," म्हणायचीस. मला तेव्हा तो खेळ वाटायचा. गेल्या शनिवारी बाबांना तिथे घेऊन गेले तेव्हा मात्र त्याच नियमाचा मला इतका राग आला. कारण गाडीतून उतरून, आता वरपर्यंत कच्चा रस्ता झालाय, बाबा काठीवर भार देत उभे राहिले आणि म्हणाले, "नेमकं कुठे लावायचात तुम्ही?" आणि मला दाखवता येईना. मी इकडे बोट केलं, मग तिकडे केलं. तिथे तुझं काहीच नव्हतं. ते तरीही मी बोट करीन तिथे जाऊन उभे राहत होते आणि खाली बघत होते.

मी घाई केली. मला ते बघवत नव्हतं, म्हणून मी पाण्याजवळची हिरवीगार सपाट जागा धरली आणि खुंट्या ठोकायला लागले. वाळलेलं शेवाळं दिसेल तिथे तंबू लावायचा नाही हे तू शंभरदा सांगितलं असशील. पाणी नुकतंच मागे हटलेलं असतं, वर गवत आणि खाली लोणी. पण मी कुठली थांबते! तंबू उभा राहिला, बाबा कौतुकाने वाकून आत गेले, आणि वाऱ्याची एक झुळूक आली तशा सगळ्या खुंट्या मुळ्यासारख्या उपटून आल्या आणि तंबू बाबांवर बसला. मी ओरडत धावले. आतून बाबांचा आवाज आला, "मी बरा आहे. हे दर वर्षी असंच असतं का?" आणि मग ते कापडाखाली हसायला लागले. आई, ते पोस्टातलं हसणं नव्हतं. मी त्यांना कधी असं हसताना ऐकलं नव्हतं.

गवताचा भारा घेऊन चाललेली एक म्हातारी हे बघत उभी होती. भारा खाली टाकून जवळ आली. "तंबूवाल्या बाईची लेक ना तू? लय वर्सांनी आली. आई कशीय?" मी सांगितलं. तिने पडलेल्या कापडावरून हात फिरवला. मग म्हणाली, "तिथं गाळ हाय, तिथं खुट्टी धरायची नाय. वर चल, मुरमावर." तिने एक टोक धरलं, मी दुसरं. बाबा काठी टेकत मागून आले. जाताना तिने त्यांच्याकडे बघून विचारलं, "हे कोण?" मी म्हटलं, "वडील." "आस्सं," म्हणाली. "यांना कधी पाह्यलं नाय." बाबांनी तिला हात जोडले.

अंधार पडायच्या आत मी चूल पेटवली. कांदे टाकले. बाबांनी ते गरम गरम, बोटं भाजून घेत सोलले. मग निखाऱ्यांकडे बघत म्हणाले, "ती इथे माझ्याबद्दल काही बोलायची?" मी म्हटलं, "नाही." खरंच होतं ते. तू कधीच बोलली नाहीस. पण मला ते "नाही" म्हणताना जरा बरं वाटलं, हेही खरं. बाबांनी मान हलवली. "मला वाटलंच. म्हणून तर मी येत नव्हतो. दिवसभर कारखाना, मग घर, माझी आई, माझे पाहुणे. मला वाटायचं, वर्षातले दोन दिवस तरी तिला माझ्यापासून सुट्टी मिळावी. ती विचारायची, पण ते आपलं विचारायचं म्हणून." कांद्याचा शेवटचा पापुद्रा त्यांनी नीट काढला. "आनंदात असायची ना इथे? तेवढं सांग." "असायची," मी म्हटलं. त्यावर त्यांचं समाधान झालं. मी मात्र उठून पाण्यापर्यंत गेले आणि परत आले, पुन्हा गेले. इतकी वर्षं ज्याला मी आळशी, तुसडा समजत होते तो माणूस आपल्या परीने तुझ्यावर मायाच करत होता, हे मला एका बैठकीत पचेना.

सकाळी चहा झाला तसा त्यांना उठवायला तंबूचा पडदा वर केला. बाबा झोपले होते, उताणे, सरळ, हात पोटावर. डोकं पडद्याशी. आणि त्यांच्या टाचा, आई, त्या मागच्या कापडापासून वीतभर अलीकडे. जिथे आपण कळशी ठेवायचो तिथे. बाजूची ती वारा घुसायची रिकामी जागा त्यांच्या खांद्यांनी भरली होती. तंबू मोठा नव्हताच. तो बरोबर मापाचा होता. मी कप हातात घेऊन वाकलेली, आणि मला हॉलमधली चटई दिसली, माझ्या हातातलं टेपचं टोक दिसलं, तुझ्या ओठांवरचं बोट दिसलं. चहा माझ्या पायावर सांडला तेव्हा ते जागे झाले. "काय गं, काय झालं?" "काही नाही. ऊन आलंय, उठा."

दर वर्षी त्यांना धरून तिघांच्या मापाचा तंबू घेऊन जायचीस आणि दर वर्षी ती जागा रिकामी ठेवून झोपायचीस. एवढं अवघड होतं का गं, मागे वळून "या ना" म्हणणं? ओट्याकडे तोंड करून कसलं विचारतेस? आणि त्यांनी तरी पेपर खाली ठेवायला काय झालं होतं? मला तुमच्या दोघांच्या खांद्यांना धरून हलवावंसं वाटतंय, आणि त्यातली एक नाही आणि दुसऱ्याला आता जोरात धरता येत नाही. निघताना दगड परत ठेवले, राख टाकली. खुंट्यांची भोकं मात्र बाबांनी बुजवू दिली नाहीत. म्हणाले, "राहू दे की, पाऊस बुजवेल." तुझा नियम मोडला. 

परत आल्यापासून मी स्वतःला समजावतेय की त्यांना सांगायचं नाही ते त्यांच्यासाठीच. या वयात, "ती तुमची वाट बघत होती," हे ऐकून माणूस मोडेल. तुला सुट्टी दिली या समाधानावर इतकी वर्षं काढली त्यांनी, ते कशाला हिरावून घ्या. हे सगळं नीट पटण्यासारखं आहे. कुणालाही पटेल. पण तुझ्याशी मला खोटं बोलता यायचं नाही, म्हणून सांगते. मी सांगत नाही कारण मला वाटत होतं तो तंबू तू माझ्यासाठी शिवलास.

वरून बाबा बोलावतायत. ऊन उतरलंय, घडी घालायला दुसरं टोक धरायला कुणीतरी हवंय म्हणतात.