पाचव्या रेघेवरची खूण

प्रिय एउदाल,

विक गावात धुकं उतरलंय, ते हलायचं नाव घेत नाही. तुझ्या डोंगरात ऊन असेल. टोमॅटो चोळलेल्या पावावर दिवस काढत असशील, म्हणून सॉसेज पाठवलंय. कुत्र्याला घालू नकोस.

दप्तरखान्यात जांभळ्या उजेडाचा दिवा आलाय, पुसलेली शाई त्याखाली वर येते. आपले पाद्री मोसेन क्लिमेंत म्हणाले, "काय गं रेमेई, तुमचा नवराबायकोचा जुना तंटा मिटवून टाक की एकदाचा." तंटा म्हणजे बर्फात हरवलेल्या त्या मेंढपाळाची नोंद. आधीचा शब्द ओलीनं खाल्लेला आणि पुढे नुसत्या सात उभ्या रेघा नि शेवटी एक स. त्या जुन्या लॅटिन लिपीत व, उ, न, इ ही अक्षरं सगळी रेघांचीच. तू वाचलंस 'विवुस', जिवंत. मी वाचलं 'उनिउस', एकाच्या. म्हणजे आमच्यातल्या एकाच्या आत्म्यासाठी प्रार्थना, म्हणजे तो मेलेला. दोन्हींना रेघा सातच. गराऊ लहानपणी चिडवायचा, "आईबाबा कुंपणाचे खुंट मोजतायत, आज जेवायला कोण देणार?" तेव्हा आपण भांडायचो आणि मग तिघंही हसायचो.

मग गराऊ डोंगरावर गेला आणि उतरलाच नाही. तू म्हणालास, तो आहे. मी म्हणाले, तो गेला. तुला ताट वाढताना म्हणाले, आणि त्याच आठवड्यात तू तिकडे त्या डोंगराखाली राहायला गेलास. मला त्याचा पस्तावा नाही. कुणीतरी म्हणायला हवंच होतं.

तर तो दिवा. लिहिणारे 'इ' ओळखू यावा म्हणून त्यावर केसाएवढी तिरकी रेघ ओढायचे, हे मी तुला काय सांगू. तुझ्या शब्दात ती तिसऱ्या रेघेवर हवी, माझ्या शब्दात पाचव्या. आपल्या पानावर ती पुसली गेली होती, म्हणून तर सगळं भांडण. काल पान दिव्याखाली धरलं. खरं सांगते, आयुष्यात पहिल्यांदा मी तुझ्या बाजूनं वाचायला बसले होते. तिसऱ्या रेघेवरून नजर हलवली नाही. भिंग पुसलं, दिवा इकडून तिकडे फिरवला, शेवटी मोसेनना बघायला लावलं. त्यांनी पाहिलं आणि माझ्यासाठी खुर्ची ओढून दिली. खूण पाचव्यावर आहे, एउदाल.

तू म्हणशील, सातशे वर्षांपूर्वीच्या मेंढपाळाचा नि आपल्या पोराचा काय संबंध? काही नाही. एवढं मलाही कळतं.

पण दर नोव्हेंबरला, मृतांसाठीच्या प्रार्थनांच्या महिन्यात, मोसेन विचारतात, "पोराचं नाव कुठे वाचू, जिवंतांत की गेलेल्यांत?" मनात काहीही असलं तरी मी तुझ्याखातर जिवंतांत सांगत आले. यंदा म्हटलं, गेलेल्यांत वाचा. रविवारी, सकाळच्या प्रार्थनेत. तू येणार नाहीस, ठाऊक आहे मला. तरी लिहिलं, कारण इथे त्याचं नाव वाचलं जात असताना तू तिकडे कड्यावर उभा राहून त्याला हाका मारत असावास, हे मला सोसणार नाही.

अजून तरी तुझीच,
रेमेई