तुमच्या भावाला फार सुख झालंय

आदरणीय ताईंना,

तुमच्या भावजयीचा वाकून नमस्कार (कंबर परवानगी देते तेवढंच वाकून). गुडघा काय म्हणतो? सांगितलेले व्यायाम रोज करता, की मागच्या वेळेसारखे फक्त डॉक्टरांसमोर करून दाखवता? भाऊजींचा खोकला थांबला असेल. नसेल तर इकडे पाठवा, छातीचा फोटो ओळखीने लगेच काढून देईन. इकडे सगळे खुशाल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. खरं म्हणाल तर खुशाल एकटे तुमचे बंधू आहेत, आणि ते इतके खुशाल आहेत की माझ्याने बघवत नाही.

हे पत्र मी दवाखान्यातल्या एक्स-रेच्या खोलीत बसून लिहितेय. घरी लिहिलं असतं तर ह्यांनी खांद्यावरून डोकावून वाचलं असतं. (मध्येच अक्षर बिघडलं तर पेशंट आला होता असं समजा.) ह्या खोलीला खिडकी नाही हे तुम्ही पाहिलंच आहे. बाहेर पाऊस आहे की नाही ते मला पेशंटच्या छत्रीवरून कळतं. दिवसभर माणसांना श्वास घ्या, रोखून धरा, सोडा असं सांगत असते, आणि संध्याकाळ झाली की पर्स उचलून बस पकडते. अशी बाई दमून घरी जाते आणि तिचा नवरा तिला सांगतो की आज सकाळी बेकरीसमोरच्या बाकावर ऊन किती छान पडलं होतं. एखाद्या दिवशी नाही, रोज. आणि नुसतं पडलं होतं असं नाही, तर आधी पायांवर होतं, मग हळूहळू गुडघ्यांवर आलं, असं अगदी सविस्तर.

हे रिटायर झाले तेव्हा मला वाटलं होतं की आता हा माणूस घरात बसून कुढणार. कारखान्यात तपासणी खात्यात जन्म गेला, स्क्रू हातात घ्यायचा, बघायचा आणि बाद करायचा. घरी जेवताना तोंडासमोर पेपर. एकदा मी मुद्दाम सूपमध्ये मीठ घातलं नाही, ह्यांनी वाटीभर पिऊन आणखी मागितलं. ताटात काय आहे ते ज्याने आयुष्यात कधी पाहिलं नाही, तो माणूस आता उकडलेलं अंडं कोणत्या टोकाकडून फोडावं यावर मत देतो. टोमॅटो देठापाशी हुंगून घेतो. सूप उकळायला लागलं की गॅस बारीक करून शेजारी उभा राहतो आणि ऐकतो. (सूप ही ऐकायची गोष्ट आहे हे मला माहीत नव्हतं.) बरं, ते सूप वाईट झालं असतं तर माझ्या जिवाला थोडी शांतता मिळाली असती. पण तेही चांगलं होतं. मी गुपचूप दोनदा घेते.

तुम्ही म्हणाल, अगं मग बिघडलं कुठे, आयतं गरम जेवायला मिळतंय, बायका तरसतात. ताई, बिघडलं असं की ते सगळं माझं होतं. पुढच्या महिन्याअखेर मी रिटायर होतेय. गेली कित्येक वर्षं मी बसच्या दांड्याला लोंबकळत एकच बेत करत आलेय, की सुटले ह्या नोकरीतून की सकाळी सावकाश पिशवी घेऊन निघायचं, बेकरीत जायचं, घाई न करता पाव निवडायचा, फळवाल्याशी दोन शब्द बोलायचे, घरी येऊन चहा टाकायचा. एवढंच. परदेशी जायचं म्हटलं नव्हतं मी. आणि आता बघते तर माझ्या त्या बेतात हा माणूस आधीच जाऊन पाय पसरून बसलाय. स्वयंपाकघरात सुद्धा माझं काही राहिलं नाही. गाळणी परवा मला तीन ठिकाणी शोधावी लागली, आणि ह्यांनी येऊन ती चौथ्या ठिकाणाहून काढून दिली, वर इथे कशी सोयीची पडते तेही समजावलं. माझ्याच स्वयंपाकघरात मला पाहुणी केलंय. त्यात आमच्या मोठ्या डॉक्टरांनी मला विचारलंय की आणखी दोन वर्षं थांबता का, तुमच्यासारखं माणूस मिळत नाही. ह्या आठवड्यात उत्तर द्यायचंय. खरं सांगू? हो म्हणून टाकावंसं वाटतंय. घरी जाऊन करू काय? ह्यांना सूप ऐकताना बघू?

आता मुख्य प्रकार सांगते. ह्यांच्या रोजच्या हकिकतीत बेकरीवाली फार यायला लागली. तिने म्हणे पावाचं टोक ह्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवलं होतं. ती म्हणाली आज भट्टी जरा रुसलीय. तिला तिळाचे पाव आवडत नाहीत. मी घास चावत ऐकत होते आणि हिशोब जुळवत होते. तुमचा भाऊ आणि मी इतकी वर्षं संसार केला, मला काय आवडत नाही हे त्यांना विचारून पाहा, छताकडे बघतील. मग मी गुरुवारी अर्ध्या दिवसाची रजा काढली (कारण लिहिलं: घरगुती) आणि ह्यांच्या मागे गेले. हसू नका. काळा चष्मा लावला होता आणि ओढणी डोक्यावरून घेतली होती. हे रस्ताभर दुकानं बघत, मांजराला वाट देत, इतके सावकाश चालले होते की मला दोनदा उलटं फिरून परत यावं लागलं. बेकरीत रांग होती. तुमचे बंधू रांगेत उभे होते आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही पुढे व्हा, तुम्ही पुढे व्हा म्हणत होते. ह्यांना पाव नको होता ताई, ह्यांना रांग हवी होती.

मी समोरच्या किराणा दुकानाच्या पोत्यांआड उभी राहून मान लांब करते, तोच मागून कुणीतरी म्हणालं, मॅडम, माझ्या बरगड्यांचं काय झालं? वळून बघते तर मंगळवारचा पेशंट. मी म्हटलं हळू बोला, रिपोर्ट डॉक्टरांकडे आहे. तर त्याने आणखी मोठ्याने, इथेच दुखतं बघा, म्हणत भर रस्त्यात शर्ट वर केला. अख्खी रांग वळून बघायला लागली. त्यात हेही वळले. मला बघून ह्यांचा चेहरा असा फुलला (संशय नाही, शरम नाही, काही म्हणजे काही नाही) की मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. हात धरून आत नेलं आणि बेकरीवालीला सांगितलं, ही आमची मिसेस.

बेकरीवाली साठीची आहे. दोन दात पडलेत, हातांना कोपरापर्यंत पीठ, आणि तोंडाने तिखट. तिच्याबद्दल काळजी करण्यासारखं काही नाही, आणि तेच मला फार लागलं. तसली बाई असती तर तिच्याशी भांडता आलं असतं, रडता आलं असतं, तुम्हाला बोलावून घेता आलं असतं. रांगेशी आणि उन्हाशी कसं भांडू? वर ती म्हणाली, अच्छा, ह्या तुमच्या मिसेस होय, ह्यांना कधी बघितलं नाही इकडे. ताई, त्या दुकानातून मी वीस वर्षं पाव नेतेय. मान्य आहे, बस चुकेल म्हणून पैसे टाकायचे आणि पळायचं असंच नेतेय. पण वीस वर्षांत माणसाचं तोंड लक्षात राहू नये, आणि हा माणूस वर्षभरात तिथला जावई व्हावा, याला काय म्हणायचं?

मग मी शनिवारी ठरवलं, आपणही करून बघायचं. ह्यांना म्हटलं, आज बाहेरचं सगळं मी करते, तुम्ही घरी बसा. ह्यांनी लगेच मटारच्या शेंगांची टोपली घेतली आणि गॅलरीत जाऊन बसले, जसं काही कुणी बक्षीस दिलंय. मी पिशवी घेऊन सावकाश चालायचा प्रयत्न केला, पण पाय आपोआप बसस्टॉपकडे वळत होते. फळवाल्याकडे गेले आणि ह्यांच्यासारखं फळ हुंगलं, तर तो म्हणाला, बाई, नाक लावू नका, दुसऱ्यांना खायचंय. (ह्यांना तो कापून चाखायला देतो.) बेकरीत पोचले तर काउंटरवर गर्दी, माझ्या पुढच्या गृहस्थांचं काय हवं ते ठरेना, तेव्हा माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, हनुवटी वर, हलू नका. ते बिचारे तसेच उभे राहिले. पाव आणला तो नेमका तिळाचा निघाला. घरी आल्यावर ह्यांनी एक तुकडा तोंडात टाकला आणि छान आहे म्हणाले, आजाऱ्याला बरा दिसतोस म्हणावं तसं. आणि मग जेवण संपेपर्यंत मला मटारची हकिकत सांगितली, की एका शेंगेत नऊ दाणे निघाले. नऊच्या नऊ. ते त्यांनी वेगळ्या वाटीत काढून ठेवले होते, मला दाखवायला. मी पाहिले. आणखी काय करणार?

असं सगळं चाललंय. पेशंट आला आहे, मनगट आहे बहुतेक. थांबते. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, गुडघ्याला जपा.

तुमची,
भावजय

ता.क. मनगट मोडलेलं नाही, नुसतं मुरगळलंय. मूळ मुद्दा लिहायचा राहिलाच. तुम्ही ह्यांना पुढच्या महिन्याअखेर आठ-दहा दिवस तुमच्याकडे बोलावून घ्या. गुडघ्याचं निमित्त सांगा, तुमच्यासाठी ते धावत येतील. तेवढ्यात मी इकडे बेकरी, फळवाला आणि गाळणी ताब्यात घेते.

ता.क. दुसरा. नको. बोलावू नका. आठ-दहा दिवस एकटीने जेवायला बसायचं म्हणजे काय ते आत्ता डबा खाताना डोळ्यांसमोर आलं. सूपही तुम्हालाच मिळेल.

ता.क. तिसरा. एक गोष्ट वर लिहिली नाही. शनिवारी बेकरीत बनचा एक ट्रे खालून करपला. बेकरीवालीने भट्टीला अशा शिव्या दिल्या की मला हसू फुटलं, मला बघून तिलाही फुटलं, आणि तिने त्यातला एक बन मोडून अर्धा माझ्या हातावर ठेवला. वरून काळा, आतून मऊ, इतका गरम की जीभ भाजली. तिथेच उभ्याने खाल्ला. ताई, खूप दिवसांत काही इतकं चांगलं लागलं नव्हतं. घरी येईपर्यंत ते कसं सांगायचं तेच मनात जुळवत होते. आणि ह्यांनी शेंग काढली. मी थांबले, की आता विचारतील, मग विचारतील. नाही विचारलं. कधीच विचारत नाहीत. इतकी वर्षं मीही बाजारातून येत होते, काय झालं गं आज, असं एकदाही नाही. आता मनातलं सांगते. तुम्ही मोठ्या आहात, तुमचं ते ऐकतात. त्यांना दोन ओळी लिहा की बायको घरी आली की आधी तिला विचारत जा. मी सांगितलं असं कळू देऊ नका. ते विचारणार असतील तर मी डॉक्टरांना उद्याच नाही म्हणून सांगते. आणि त्या बनबद्दल ह्यांच्याकडे चकार शब्द काढू नका. ते उद्या सकाळी जाऊन तिच्याकडून अख्खा बन घेऊन खातील, आणि रात्री जेवताना मला सांगतील तो कसा लागतो ते.