मूळ फोटो मिळणार नाहीत

३ मार्च

"बटणच तर दाबायचं असतं!"

आज पुन्हा. उचलली जीभ लावली टाळ्याला! हे गृहस्थ मुलाच्या पहिल्या वाढदिवसाचं काम घेऊन आले होते. दर ऐकला आणि चेहरा असा केला, जणू मी त्यांची किडनी मागितली. मग सुरू — तीनच तास तर आहेत, हॉल जवळच आहे, मूल एवढंसं आहे. मूल लहान म्हणून दर कमी! मी काय कापड विकते का?

सांगितलं, तीन तास नाही, चार दिवसांचं काम आहे. एक दिवस उभं राहायचं आणि तीन दिवस बसायचं. एकेक फोटो निवडायचा, रंग सुधारायचे. कुणाच्या कपाळावरची चकाकी, कुणाच्या काखेतला घाम, मागे उघडा राहिलेला संडासाचा दरवाजा — सगळं पुसायचं. त्यावर यांनी अक्कल पाजळली. म्हणाले, "मग पुसू नका ना. काढलेत तसे सगळे द्या. निम्म्यात."

शिसारी आली. भिंतीवर पाटी आहे, माझ्याच हाताने लिहिलेली — मूळ फोटो मिळणार नाहीत. वीस वर्षांत एकालाही दिलेले नाहीत. खरकटी भांडी कुणी पाहुण्यापुढे मांडतं का? पाटीकडे नुसतं बोट दाखवलं. तासभर घासाघीस करून शेवटी ठरलं एकदाचं. आता या डायरीत त्यांचं नाव घासाघीस.

बायको बरोबर होती. सगळा वेळ गप्प. कडेवरचं पोरगं मात्र गोड — गालच गाल. ढब्बू म्हणतात त्याला.

८ मार्च, रविवार

हॉलचं छत काळं! कुठल्या शहाण्याने रंगवलं देव जाणे. पांढरं छत असलं की फ्लॅश वर मारायचा, उजेड मऊ होऊन खाली येतो. इथे ती सोयच नाही. म्हणून बाजूला स्टँडवर दिवा लावला, तर तो अर्ध्या तासात ढब्बूच्या मामाची लाथ लागून पडला. दिवा गेला. वर मलाच — "असा मध्ये कशाला ठेवता?" चोर तो चोर, वर शिरजोर.

मग काय, कॅमेऱ्यावरचा फ्लॅश सरळ लोकांच्या तोंडावर. असे फोटो मी नवशिकी असतानासुद्धा काढले नाहीत. सगळ्यांचे डोळे लाल येणार, माहीत होतं.

केक कापताना दोन काका माझ्या पुढ्यात मोबाइल उंच धरून उभे. बाजूला व्हा म्हटलं तर एक म्हणाला, आम्हीपण फोटोच काढतोय. खाताना माणसं फार घाणेरडी दिसतात. कॅमेऱ्यातून तर जास्तच. मला पाणीसुद्धा कुणी विचारलं नाही. आजी म्हणाली, "त्या फोटोवालीला मागून बघू काहीतरी." मागून म्हणजे काय, सगळे गेल्यावर. ढब्बूची आई तेवढी एक प्लेट घेऊन आली, पण तेव्हा हातात कॅमेरा होता.

कंबर कामातून गेली.

११ मार्च

लाल डोळे काढते आहे. अख्खं खानदान राक्षसाचं दिसतंय. किळस आली या तोंडांची.

१३ मार्च

ढब्बूने वैताग आणला. बाकी सगळ्यांचे दोन्ही डोळे लाल. ते कॉम्प्युटर एका झटक्यात काळे करतो. या पठ्ठ्याचा उजवा लाल आणि डावा पांढरा! बाहुलीच्या जागी पांढरा ठिपका. लाल नाही म्हणून कॉम्प्युटर त्याला हातच लावत नाही. आणि एक-दोन नाही, एकोणीस फोटोंत.

आई चहा घेऊन आली ती मागेच उभी राहिली. म्हणाली, "अगं, एकाच डोळ्यात कसं काय?"

पोरं मान वाकडी करतात, उजेड तिरका जातो, म्हटलं. तरी उभीच. चहा निवतोय म्हणून ओरडले तिच्यावर. नंतर वाईट वाटलं, पण सॉरी काही म्हटलं नाही.

मग हाताने केलं सगळं. उजवा डोळा आधी नीट केला, त्याची बाहुली उचलून डाव्यावर बसवली. कडा पुसल्या. चमक जुळवली. एकेका फोटोला पंचवीस मिनिटं! डोकं धरलं, मान धरली. आणि म्हणे बटण दाबायचं असतं. या मेहनतीचं मोल घासाघीसांना सात जन्मात कळायचं नाही.

पण झालंय सुरेख. मला स्वतःला सापडत नाही कुठे हात फिरवलाय ते.

१६ मार्च

अल्बम घेऊन गेले. घासाघीसांनी पानं अशी उलटली जशी भाजी निवडतात. हा फोटो दोनदा का, आत्याचा एकच का, कागद पातळ वाटतो. माझे दातांवर दात.

बायको एका पानावर थांबली. ढब्बूचा मोठा चेहरा होता. बराच वेळ बघत राहिली. मग मोबाइल काढला आणि अल्बमशेजारी धरला. पहिल्यांदाच तिचा आवाज ऐकला.

"ताई, आमच्या मोबाइलमध्ये याचा हा डोळा कधीकधी पांढरा दिसतो. मांजरासारखा. मला भीतीच वाटत होती. तुमच्यात तर चांगला आलाय."

हातच्या कांकणाला आरसा कशाला! दोन्ही फोटो शेजारी शेजारी, नवऱ्याच्या डोळ्यांसमोर. असा मोका रोज येत नाही. मी म्हटलं, "मोबाइलच्या फ्लॅशवर काही जाऊ नका. मोबाइल आणि कॅमेरा यात हाच तर फरक असतो. त्याचेच आम्ही पैसे घेतो."

ती इतकी मोकळी हसली! खांदेच खाली आले तिचे. नवऱ्याला म्हणाली, "मी उगाच डॉक्टरकडे जाऊ म्हणून मागे लागले होते." हे म्हणाले, चला, तेवढी फी वाचली. या माणसाला जगात वाचलेले पैसे सोडून दुसरं काही दिसत नाही. ओंगळ.

डोळा मी नीट केलाय हे नाही सांगितलं. धंद्यातल्या गोष्टी गिऱ्हाइकाला कशाला सांगायच्या?

पण आज बरं वाटलं. उरलेले पैसे एका शब्दाने कमी न करता दिले.

२ एप्रिल

ढब्बूचा तोच चेहरा मोठा करून दुकानाच्या काचेत लावला. येणारेजाणारे थांबतात. आई म्हणाली, छान आहे, पण तिने फार वेळ बघितलं नाही.

२१ एप्रिल

एक नवरी आली होती. लग्नाच्या फोटोंतून सासू काढून टाकायची आहे. सगळ्यांतून. विचारलं, सासूबाईंनी पाहिलं तर? तर म्हणाली, त्यांच्यासाठी वेगळा अल्बम करा, त्यातून मला काढा.

विटले या माणसांना. काम घेतलं.

३० मे

घासाघीसांनी मेव्हण्याला पाठवलं — तोच, दिव्याला लाथ मारणारा मामा! म्हणाला, दाजी सगळीकडे तुमचंच नाव सांगतात. त्या बाई महाग आहेत, पण मोबाइलमध्ये दिसतं ते त्यांच्या फोटोत दिसत नाही.

म्हटलं, मग पटलं ना? दर पाच पैशांनीही कमी केला नाही.

१९ जुलै

ढब्बूची आई आली. एकटी. काचेतल्या फोटोसमोर खूप वेळ उभी होती, मग आत आली.

मोबाइलमधलं पांढरं खरं होतं. डोळ्याच्या आत गाठ आहे. डावा डोळा काढणार, सोमवारी. मार्चमध्ये आणलं असतंत तर कदाचित वाचवता आला असता, असं डॉक्टर म्हणाले. कधीपासून दिसत होतं ते त्यांना बघायचंय. फ्लॅशचे जुने फोटो हवेत, हात न लावलेले.

ओरडली नाही. माझीच मला किळस येत होती. तिने भिंतीवरची पाटी वाचली. मग पर्स उघडली.

"ताई, मूळ फोटोंचे किती होतील?"