न धुतलेली खडी

प्रिय ताई,

तुला आणि बाबांना इथूनच वाकून नमस्कार. मी ठणठणीत आहे, जेवणाचीही आबाळ नाही. बाबा उठून बसतात का गं? दूध तरी पोटात ठरतं का?

रस्ता पुरा झाला की निघतो, असं कळवलं होतं. ते आता जमत नाही. पाण्याचा निचरा व्हावा म्हणून आम्ही रस्त्याखाली भोकांचे पाइप टाकून त्यांच्याभोवती जुनं काँक्रीट फोडून केलेली खडी घालतो. ती आधी धुवायची असते. पण सगळ्यांनाच घराची ओढ. मुकादम म्हणाला, "टाका तशीच, पाऊस धुईल." आम्ही त्याला डोक्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं!

खडीतला सिमेंटचा भुगा भिजून घट्ट बसला. पाइपांच्या भोकांवर पांढरी खपली धरली, पाणी तुंबलं, रस्ता खचला. 'अति घाई संकटात नेई' ही पाटी आमच्याच गळ्यात बांधायला हवी. आता सगळं उकरून पुन्हा घालेपर्यंत कुणालाच रजा नाही. साहेबाचे पाय धरले, तरी नाही.

बाबांना यातलं काही सांगू नकोस. रस्ता झाला म्हणावं, धाकटा निघालाय म्हणावं. त्यांना बोलतं ठेव. ताई, हात जोडतो, मी येईपर्यंत त्यांना जाऊ देऊ नकोस.

तुझाच,
धाकटा