वीतभर लांब दोरी

आदरणीय मूसादादांस,

दोल्लाहचा सलाम. तुमचे गुडघे, वहिनींचा खोकला आणि ती लंगडी शेळी, सगळं आता बरं असेल अशी आशा करतो. इकडे मी ठीक आहे (कपाळ सोडून). तुमची बहीण सेनाह शुक्रवारपासून माझ्यावर रुसून तुमच्याकडे आली आहे. मी दुसरं लग्न करतोय असं तिनं तुम्हाला सांगितलं असेल. दादा, शपथेवर सांगतो, तसं काही नाही.

झालं ते सगळं माझ्या कपाळामुळे. आमचं जुनं घर आईच्या मापाचं आणि आई होती चिमुकली, त्यामुळे पंधराव्या वर्षापासून मी प्रत्येक दारात टेंगूळ घेऊन आत जातो. नवं घर बांधायला काढलं तर वेह सुतारकाकांनी रीतीप्रमाणे सेनाहला हात पसरून उभं केलं, या बोटापासून त्या बोटापर्यंत दोरी धरली आणि कापली. आता खांब, दारं, खिडक्या सगळं त्याच दोरीच्या हिशेबानं. (तुमची बहीण माझ्या खांद्याला लागते, हे तुम्हाला ठाऊकच आहे.) मी म्हटलं, काका, जरा वाढवा की! तर म्हणाले, "घर बाईचं, माप बाईचं. तू खांब धर." मग ते जेवायला बसल्यावर मी दोरी बदलली. माझ्याच हातांच्या मापाची ठेवली. हा माझा गुन्हा.

मधला खांब उभा करायच्या दिवशी अख्खं गाव जमलं. काकांनी मानानं दोरी सेनाहच्या हातात दिली, तिनं हात पसरले, आणि दोरी चांगली वीतभर खाली लोंबली. सेनाहनं दोरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ही कुठल्या ताडमाड बाईची?" तेवढ्यात सगळ्या माना पापडवाल्या कालसोमकडे वळल्या, कारण गावात उंच बाई ती एकच. (बिचारी तेव्हापासून वाकून चालते.) मी ओरडून सांगितलं की दोरी माझी आहे. लोक आणखीच हसले. काका तर म्हणाले, "दुसरी बायको असती तर समजलो असतो रे! पण पुरुषाच्या मापाचं घर? लाज सोडलीस काय?" तोवर सेनाहनं बोचकं बांधलं होतं.

ती गेल्यापासून करमत नाही, दादा. ती लांब दोरी मी चुलीत घातली. दारं हवी तेवढी बुटकी होऊ देत, मी वाकेन. वहिनींना सलाम सांगा.

तुमचा,
दोल्लाह

ता. क. वर लिहिलेलं सगळं मनापासून आहे, पण पत्राचं तातडीचं कारण वेगळं. तांदूळ मापायची करवंटी सेनाहच्या बोचक्यातून तिकडे आली आहे. मी मुठीनं मापतो, भात जास्तच शिजतो, आणि चार दिवस शेजारच्या कोंबड्या माझाच भात खाताहेत. तेवढी करवंटी पाठवा.

ता. क. दुसरा. नुसती करवंटी पाठवू नका. ती धरणारा हातही पाठवा. आणि दुसराही. काका खांबाशी बसून आहेत, मापाला दोन्ही लागतात.