उजव्या खांद्यावरच्या मुंग्या

९ जानेवारी २०२५, गुरुवार

कशावरून! दिवसभर तेच एक. आमटी आळणी झाली म्हटलं तरी प्रांजल विचारते – कशावरून? लेकीचं दहावीचं वर्ष, आणि संयोगिता बाई धडा बाजूला ठेवून खेळ घेतात. कागदाचे तीन भाग करायचे – काय दिसतं, काय वाटतं, काय प्रश्न पडतो. वर आणखी एक – 'आधी वाटायचं, आता वाटतं'. चांगला कोरा कागद, आणि लिहायचं एकाच बाजूनं!

अकरावीला तिला मलकापूरच्या वसतिगृहात ठेवायचं की नाही, ते रविवारी भैरोबालाच विचारू, म्हणाले हे. मला हलकं वाटलं. देव सांगेल ते बरोबरच.

१२ जानेवारी, रविवार

डावा कौल आला.

मळ्यातला भैरोबा आमच्या घरचा, कळ्या लावायचा मान ह्यांचा. देवाच्या दोन्ही खांद्यांना ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर पाठवायचं, डावी पडली तर नाही. डावी लगेच पडली. उजवी हललीसुद्धा नाही.

पोरगी रडली नाही. नुसती बघत उभी राहिली.

तिला जवळ घेऊन सांगितलं – मी दहावी पास झाले तेव्हा आमच्या आप्पांनीही माहेरी असाच कौल लावला होता. मला पुढं शिकून शाळेत बाई व्हायचं होतं. डावा आला. तेव्हापासून आजवर देवाला एका शब्दानं बोल लावला नाही मी.

१३ जानेवारी

प्रांजलनं कौलाचाच कागद केला! शाळेत न्यायच्या आधी मला वाचून दाखवला. दिसतं – भैरोबाच्या उजव्या खांद्याला मुंग्या, डाव्याला एकही नाही. प्रश्न – एकाच खांद्याला का?

गुळाचा नैवेद्य सांडला असेल, म्हटलं.

"नैवेद्य पायाशी असतोय, आई. खांद्यावर कसा चढंल?"

हात उचलला मी तिच्यावर. मग तशीच शाळेत गेले. विश्वासानं पोर तुमच्या हातात दिली, आणि तुम्ही तिला देवावर संशय घ्यायला शिकवलं, असं बाईंना तोंडावर बोलले. बाई चिडल्या नाहीत.

"देवाचं मी काहीच शिकवत नाही, वहिनी. दिसलेलं आणि वाटलेलं एकात एक मिसळू नका, एवढंच सांगते. तिनं बघितलं ते तुम्हीपण एकदा बघून या."

१४ जानेवारी, संक्रांत

सुगडं पुजली आणि एकटीच मळ्यात गेले. मुंग्या आहेत. खांद्याला बोट लावलं, जिभेवर ठेवलं.

काकवी! आमच्याच गुऱ्हाळाची – यंदाची जरा करपलीय, ती चव मला पाठ आहे.

पदर भिजवून देवाचा खांदा पुसला. घरी येऊन प्रांजलच्या हातावर तिळगूळ ठेवला. गोड बोल म्हणायला तोंड उघडेना.

१५ जानेवारी

ह्यांना विचारलं. आधी हसले. मग म्हणाले, पोरगी नजरेआड नको म्हणून केलं, त्यात काय एवढं. संसारात एक गोष्ट ह्यांच्यापासून लपवली नाही मी. आणि ह्यांनी देवाच्या आडून मलाच फसवावं?

"आवं, देव हाय त्यो. हात कसा धजला तुमचा?"

"मला काय बोलतीस? तुझ्या आप्पांचीच युक्ती हाय ही. आपलं लगीन ठरलं तवा हसत सांगत हुते – पोरगी शिकायचं म्हणून हटून बसलेली, काकवीच्या एका थेंबात गप झाली."

१६ जानेवारी

प्रांजल मलकापूरला जाणार. ह्यांना सांगून झालं.

तिच्या त्या कागदाची मागची बाजू कोरी होती. त्यावर लिहिलं –

आधी वाटायचं – देवानं नको म्हटलं.

आता वाटतं – देवाला कुणी विचारलंच नव्हतं.