पहिल्या जागेवरचा पुसलेला आवाज

मी, जयमाला शेषराव मापारी, वय ७६, निवृत्त विज्ञान शिक्षिका, राहणार लोणार, जिल्हा बुलडाणा, पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून आणि कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, ही माझी शेवटची इच्छा लिहिते. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. गोकुळने शंका काढू नये.

१. राहते घर बहिणीचा मुलगा गोकुळ यास. छतावरचा अँटेना कलम ३ प्रमाणे जाईल. कपडे वाळवायला त्याने दुसरी सोय पाहावी.

२. बँकेतील शिल्लक साखरखेर्ड्याच्या माझ्या शाळेच्या प्रयोगशाळेस. त्यातून सत्कार समारंभ करू नये.

३. माझा रेडिओ स्कॅनर, म्हणजे साठवलेल्या वारंवारितांवरचे आवाज ऐकवणारे यंत्र. यजमान आणि मी, दोघांनीही हौशी रेडिओचा परवाना काढला, तेव्हा १९९५ साली तो घेतला. त्याच्या आकडे दाखवणाऱ्या काचेवर आठच अक्षरे मावतात, तीही इंग्रजी. बॅटरी बदलली की बटण अर्धा फेरा फिरवेपर्यंत काच कोरी राहते, आवाज मात्र चालू असतो. गोकुळ म्हणतो, "मावशी, या डब्ब्याले काऊन जपून राह्यली? याच्यावर तं साखरखेर्ड्याचं नावही पुरं येत नाही." नाव पुरे मला येते. तीस वर्षांत या यंत्राने एकदाही चुकीची वारंवारिता दाखवलेली नाही. इतके खरे बोलणारे माझ्या ओळखीत थोडे आहेत.

त्यांपैकी एक अन्वर शेख, रेडिओ दुरुस्त करणारे. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी काचेमागचा दिवा बदलला, इतक्या सफाईने की सोल्डरिंगचा डाग शोधूनही सापडला नाही. त्यानंतर आठवड्याने पाहिले, तर मेमरीतल्या पहिल्या जागेवरची वारंवारिता गेलेली. ती यजमानांनी मरणापूर्वी स्वतः भरली होती. मी दुकानात चार गिऱ्हाइकांदेखत अन्वरभाईंना हलगर्जी म्हटले. ते एवढेच म्हणाले, "मॅडम, मेमरीले मी हात नाही लावला." मी पुन्हा त्या दुकानाची पायरी चढले नाही.

गेल्या महिन्यात मी एक वारंवारिता भरली आणि पहिली जागा पुन्हा पुसली गेली. यंत्र माझ्याच मांडीवर होते. त्यातले जुने फर्मवेअर, म्हणजे कारखान्यातच भरलेली आज्ञावली, शंभरच जागा जाणते. एकशे एकावी भरली की पहिली पुसते, आणि ते सांगायला काचेवर जागा नाही. अकरा वर्षांपूर्वीच्या त्या आठवड्यातही एक जास्तीची मीच भरली होती.

स्कॅनर व अँटेना अन्वरभाईंना. हौशी रेडिओचा परवाना त्यांच्याकडेही आहे.

४. माफी मृत्युपत्र वाचणाऱ्यावर सोपवता येत नाही. त्या चार गिऱ्हाइकांपैकी दोघे हयात आहेत. तेच साक्षीदार. हा कागद त्याच दुकानात मी मोठ्याने वाचणार आहे.

सहीपूर्वीची नोंद: वाचून झाले. अन्वरभाई म्हणाले, एकशे एकावीचा घोळ त्यांना त्याच आठवड्यात कळला होता. "मंग सांगतलं काऊन नाही?" साक्षीदार मंजुळाबाईंनी विचारले.

"मॅडम परत आल्या असत्या तं सांगतलं असतं."

कलम ३ कायम.

सही: जयमाला शेषराव मापारी

साक्षीदार:
१. पुंजाजी सानप (तेव्हा टेबलफॅन न्यायला आले होते)
२. मंजुळाबाई काकड (मिक्सर घेऊन आल्या होत्या)

ठिकाण: अन्वर शेख यांचे दुकान, लोणार
दिनांक: १४ फेब्रुवारी २०२५